गृहस्थाश्रम : दूरदेशीचे घर आणि दिशांची मर्यादा

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अहिंसा, सत्य, अचौर्य या अणुव्रतांची चर्चा पाठशाळेपासून प्रवचनापर्यंत सर्वत्र होते. दिग्व्रताचे नाव मात्र आज फार थोड्यांच्या ओठी येते. दहा दिशांना आपण कोठवर जाऊ याची मर्यादा जन्मभरासाठी ठरवावी आणि ती ओलांडू नये, असे हे व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या मर्यादेच्या खुणा म्हणून समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश यांचा उल्लेख केला आहे. आता ज्या घरातील कर्ता पुरुष सोमवारी एका देशात आणि गुरुवारी दुसऱ्या देशात असतो, ज्याची मुले समुद्रापलीकडच्या शाळेत शिकतात, त्या घराने हे व्रत कसे वाचावे? ‘आता ते शक्य नाही’ असे म्हणून पान उलटण्याची आपल्याला सवय झाली आहे. या महिन्यात ते पान जरा थांबून वाचावे, असे मनात आहे.

पहिली गोष्ट ही की दिग्व्रत प्रवासाच्या भीतीतून आलेले नाही. आपला समाज मुळातच व्यापार करणारा आणि शेतमालाची ने-आण करणारा. त्याला प्रवास नवा नव्हता. शास्त्रकारांचा विचार वेगळा आहे. मनुष्य जितक्या प्रदेशात वावरतो तितक्या प्रदेशात त्याचा लोभ आणि आरंभ पसरतो. मर्यादेबाहेरच्या क्षेत्रात त्याच्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही, म्हणून त्या क्षेत्रापुरता तो जणू महाव्रतीच ठरतो. पाय अडवून ठेवावेत हा या व्रताचा मुख्य उद्देश नसून इच्छेला कुंपण घालावे हा आहे.

दुसरी गोष्ट, समुद्र ओलांडण्याचा प्रश्न आपल्यापुढे आजच आलेला नाही. 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या आईचे मन तयार होईना. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी तरुण मोहनदासांकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली आणि मग आईने निरोप दिला. लंडनमध्ये फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृह सापडेपर्यंत त्यांची जवळजवळ उपासमारच होत असे. पुढे 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले. साधूंना वाहनाने जाता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. जैन दर्शन अमेरिकेत पोहोचविणाऱ्या या विद्वानाला परदेशगमनाबद्दल स्वकीयांपैकी काहींचा विरोध सोसावा लागला. या दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. प्रतिज्ञा आधी झाली, सोय मागाहून शोधली गेली. आज बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी सोय पाहिली जाते आणि तिच्यात जेवढी बसतील तेवढी व्रते उरतात.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील जैनांनी तर दूर जाण्याचा अनुभव शिक्षणासाठी घेतला. 1899 साली स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि पुढे ठिकठिकाणी बोर्डिंगे निघाली. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला कोल्हापूर किंवा सांगलीचे बोर्डिंग म्हणजे त्या काळचा परदेशच होता. त्या बोर्डिंगांत जेवणाबरोबर देवदर्शन आणि धर्माचा तासही असे. मुलगा घरापासून तुटला, तरी आचारापासून तुटू नये ही काळजी त्या पिढीने केली. ती काळजी आज परदेशी राहणाऱ्या घरात कोण करतो?

परिचयातील एक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून हा विचार करू. मूळचे सांगली जिल्ह्यातील, नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावलेले आणि गेली चार वर्षे जर्मनीतील स्टुटगार्ट शहराजवळ राहणारे हे चौकोनी कुटुंब. स्टुटगार्ट हे मोटारी आणि यंत्रांचे शहर आहे. 1968 पासून ते मुंबईचे भगिनी-शहरही आहे. पुणे, चाकण आणि नाशिक येथील कारखान्यांशी त्या प्रदेशाचे जुने संबंध असल्याने मराठी अभियंत्यांची तेथे बरीच ये-जा असते. या घरातील गृहस्थ नव्या यंत्रसामग्रीच्या उभारणीचे काम पाहतात आणि त्यासाठी महिन्यातील दहा-बारा दिवस हंगेरी, स्पेन किंवा पोलंडमध्ये असतात. पत्नी औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या आहेत. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा मुलगा पाचाचा. सांगलीला आजी एकट्या. त्यांचा रात्रिभोजनत्याग तीस वर्षांचा आणि देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा नियम त्याहूनही जुना.

परदेशी गेलेल्या जैन कुटुंबाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते, असे सर्वजण म्हणतात. वस्तुतः ती दुकानात होते. घरी रांधलेल्या अन्नाची चिंता नसते. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले तेथे मिळतात. चिंता असते ती पाकिटबंद पदार्थांची. युरोपीय संघाच्या नियमानुसार चौदा प्रकारच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची नावे पाकिटावर ठळक छापावी लागतात. अंडे त्यांत येते, त्यामुळे ते ओळखणे सोपे होते. परंतु जिलेटिन, प्राण्यांची चरबी आणि चीजमधील रेनेट हे घटक त्या चौदांत नाहीत. ते बारीक अक्षरांतून शोधावे लागतात. ‘आयर’ म्हणजे अंडी, ‘श्माल्ट्स’ म्हणजे चरबी, ‘लाब’ म्हणजे रेनेट. त्याआधी ‘मिक्रोबिएल’ असा शब्द असेल तर ते वासराच्या जठरातून न घेता सूक्ष्मजीवांपासून केलेले असते. ‘ई 120’ हा लाल रंग किड्यांपासून होतो, ‘ई 904’ म्हणजे लाख, आणि ‘ई 471’ हा घटक वनस्पतिजन्यही असू शकतो व प्राणिजन्यही. या घरातील मुलीला हे शब्द तोंडपाठ आहेत. आईने तिला पाढ्यांसारखे पाठ करून घेतले नाहीत. दर शनिवारी दुकानात ‘हे वाचून मला सांग’ एवढेच ती म्हणत असे. मुलगी जर्मन वाचावयास शिकली ती अशी, आणि अभक्ष्य म्हणजे काय हेही तिला त्याच वाचनातून कळले.

स्थानिक पदार्थांत फसगत होण्याचा संभव अधिक. स्टुटगार्टच्या प्रदेशात घरोघरी होणाऱ्या ‘श्पेट्स्ले’ या शेवयांत अंडे असते. बटाट्याच्या कोशिंबिरीत बहुधा मांसाचा रस घातलेला असतो. बेकरीतील साध्या ‘ब्रेत्सेल’मध्ये कधी लोणी असते, तर कधी चरबी. म्हणून बेकरीवाल्याला विचारावे लागते, आणि विचारले तर तो नीट सांगतो. तेथील ‘माउलटाशेन’ नावाच्या पदार्थाबद्दल एक दंतकथा आहे. उपवासाच्या काळात मांस वर्ज्य असताना माउलब्रॉनच्या मठातील साधूंनी ते पिठाच्या पारीत लपविले, म्हणजे वरून देवाला दिसू नये! व्रताला पळवाट शोधणारी बुद्धी सर्व देशांत सारखीच असते, हे वाचून आपल्यालाही हसू येईल. मात्र हसून झाल्यावर आपापल्या घरातील पारी उघडून पाहण्यास हरकत नाही.

दुसरी परीक्षा सूर्याची. सांगलीत वर्षभर सूर्यास्त सायंकाळी सहा ते सव्वासात यांच्या दरम्यान होतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम त्या आकाशाखाली सहज पाळला जातो. स्टुटगार्टला जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्याही आधी. उन्हाळ्यातील दिवस सोळा तासांचा, हिवाळ्यातील जेमतेम आठ तासांचा. मुले पावणेपाचला शिकवणीतून किंवा खेळातून परततात, तेव्हा बाहेर अंधार असतो. नियम घ्यावा तरी कसा?

या घराने त्यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. उन्हाळ्यात सूर्य आकाशात आहे म्हणून नऊ वाजता जेवायचे नाही. बारा महिने जेवण साडेसहाच्या आत. संयमाचा मूळ भाव अल्प आणि वेळेवर आहार हा असेल, तर लांबलेल्या दिवसाचा लाभ जिभेने का घ्यावा? हिवाळ्यात पती-पत्नी कार्यालयात आणि घरी चार वाजता दुसरा डबा खातात. त्यानंतर सकाळपर्यंत केवळ पाणी. मुलांसाठी नियमाची सक्ती नाही. त्यांना अंधार पडल्यावर वरण-भात किंवा दूध मिळते. परंतु अष्टमी आणि चतुर्दशीला तीही आई-वडिलांबरोबर चार वाजता बसतात. थोरलीने गेल्या वर्षी स्वतःहून त्यात रविवारची भर घातली. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी होणारी नवकारसी तर तेथील शाळेच्या वेळापत्रकात आपोआप बसली. हिवाळ्यात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, शाळा त्याआधीच भरते आणि साडेनऊच्या सुमारास न्याहारीची सुट्टी होते. मुलगी णमोकार म्हणून डबा उघडते. शेजारच्या मुलीने ‘काय पुटपुटतेस?’ असे विचारले तेव्हा तिने सांगितले, ‘जेवणाआधी धन्यवाद देते.’ भाषांतर शास्त्रशुद्ध नसेल. नऊ वर्षांच्या मुलीने दिलेले ते उत्तर लाजून गप्प बसण्यापेक्षा फार चांगले.

लाज हा शब्द आला म्हणून एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. बालवाडीत कोणाचाही वाढदिवस असला की केक आणि जिलेटिनच्या गोळ्या वाटल्या जातात. धाकटा पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने घरी येई आणि एके दिवशी आईला म्हणाला, ‘आई, आपण वाईट आहोत का? म्हणून मला देत नाहीत?’ या प्रश्नाने त्या माउलीला रात्रभर झोप आली नाही, आणि पती त्या आठवड्यात दूर परदेशी होते. बालकाच्या मनात व्रत हे शिक्षेसारखे बसले, तर ते मोठेपणी पहिल्या संधीला फेकून दिले जाते. दुसऱ्या दिवशी ती शिक्षिकेला भेटली. मोडक्या जर्मनमध्ये सर्व समजावून सांगितले आणि पेक्टिनपासून केलेल्या गोळ्यांचा डबा बालवाडीच्या कपाटात ठेवून आली. वाढदिवस कोणाचाही असो, त्या दिवशी मुलाला त्याच्या डब्यातील गोळी मिळू लागली. पुढे दोन मुसलमान मुले आणि एक शाकाहारी जर्मन मुलगी हीही त्याच डब्यातून घेऊ लागली. व्रतामुळे आपण एकटे पडतो असे वाटत असताना व्रतानेच सोबती मिळवून दिले. पण त्यासाठी आईला आधी भाषा शिकावी लागली, हे विसरून चालणार नाही.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भगिनीला म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते की लोणची-पापडाच्या आधी भाषेची तयारी करा. पुणे आणि मुंबई येथील मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे रीतसर वर्ग चालतात, आणि तेथे गेल्यावर ‘फोल्क्सहोखशूल’ या नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण केंद्रांत ते माफक शुल्कात पुढे नेता येतात. उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांच्या ‘ब्लू कार्ड’वर आलेल्या जोडीदाराला तेथे नोकरी करण्याची मुभा असते. परंतु औषधनिर्माणासारख्या व्यवसायात पदवीची मान्यता आणि भाषेची परीक्षा यांवाचून दार उघडत नाही. पतीच्या नोकरीसाठी पत्नीने आपली विद्या गुंडाळून ठेवणे याला त्याग म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याग स्वेच्छेने, समजून आणि आनंदाने केला जातो. न विचारता लादलेल्या गोष्टीला तो शब्द लावू नये. या घरात तीन वर्षे हा विषय निघालाच नव्हता. निघाला तेव्हा गृहस्थांनी एक गोष्ट केली. आठवड्यातून दोन सायंकाळी मुलांना सांभाळण्याची जबाबदारी लेखी वेळापत्रकात घेतली आणि त्या दिवशी प्रवास नाही, असे वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांनी ते मान्यही केले. मागितलेच नसते, तर मिळाले असते का?

येथून आपण प्रवासाच्या प्रश्नाकडे येतो, आणि शास्त्राचे ते बाजूला ठेवलेले पान पुन्हा उघडावे लागते. दिग्व्रत जन्मभराचे, तर देशव्रत थोड्या काळाचे. आज, या पक्षात, या महिन्यात, या चातुर्मासात मी अमुक घर, गाव किंवा नदी यांच्या पलीकडे जाणार नाही, असे ते व्रत. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात देशव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मर्यादेबाहेरून वस्तू मागविणे हे आनयन. आपण न जाता दुसऱ्यास पाठविणे हा प्रेष्यप्रयोग. मर्यादेत उभे राहून पलीकडच्यांना आवाजाने सूचना देणे हा शब्दानुपात. आपले रूप दाखवून खूण करणे हा रूपानुपात. आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे हा पुद्गलक्षेप. शेकडो वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना मन थक्क होते. देह घरात, परंतु आवाज दूरध्वनीवरून तीन देशांत फिरतो आहे, याला शब्दानुपातावाचून दुसरे काय म्हणावे? पडद्यावर चेहरा दाखवून चाललेली बैठक हा रूपानुपात नव्हे काय? घरबसल्या बोट दाबून मागविलेली वस्तू हे आनयन. आचार्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. पाय थांबले तरी मन कुंपणावरून उड्या मारते, हे त्यांनी ओळखले होते.

दहा दिवस बाहेर राहून गृहस्थ शुक्रवारी रात्री घरी येत. शनिवारी मुलगी शाळेतील चित्र दाखवायला आली की त्यांच्या कानात फोन असे. काही महिन्यांनी तिने चित्रे दाखविणे सोडून दिले. तक्रार केली नाही, रुसली नाही, सोडून दिले एवढेच. प्रवासाने कुटुंबाचे जे नुकसान होते ते बहुतेक असेच निःशब्द होते. बाप दूर असतो याची मुलांना सवय होते. बाप जवळ असूनही नसतो, याची होऊ नये. सांगलीहून आजींनी हे फोनवरून ओळखले. त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, ‘बाळा, तू घरी आलास की तुझा आवाज मला लांबचा वाटतो. दौऱ्यावर असतोस तेव्हा जवळचा.’

त्यानंतर या घरात प्रवासाहून परतल्यावरच्या रविवारी देशव्रताचा नियम सुरू झाला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घर आणि घरामागची टेकडी हीच मर्यादा. कार्यालयाचा फोन कपाटात, संगणक बंद, काहीही मागवायचे नाही. त्या देशाची रीत या नियमाला अनुकूलच आहे. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. विश्रांतीच्या त्या दिवसाला तेथील राज्यघटनेचेच संरक्षण आहे. नव्याने गेलेल्या भारतीयाला तो बंद बाजार गैरसोयीचा वाटतो. दूध संपले तर सोमवारपर्यंत थांबा! परंतु हीच सक्तीची निवृत्ती स्वाध्यायाला लावली, तर आठवड्याचा एक दिवस हाती येतो. सकाळी सामायिक, मग मुलांबरोबर एक कथा, दुपारी टेकडीवर चालणे. मुलीने चित्रे दाखविण्यास पुन्हा केव्हा सुरुवात केली, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

स्वतः प्रवास करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. विमानात जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र संकेत आहे. तो तिकीट काढतानाच नोंदवावा. अनेक कंपन्या किमान एक-दोन दिवस आधी सूचना मागतात, आणि कमी अंतराच्या उड्डाणांत ही सोय नसतेच. म्हणून खाकरे, भाजलेले पोहे, राजगिऱ्याचे लाडू जवळ असावेत. कार्यालयीन मेजवानीत ‘मी हे खात नाही’ असे आरंभीच, हसतमुखाने आणि एकदाच सांगावे. दरवेळी नवी सबब सांगणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, नियम सांगणाऱ्याचा आदर करतात. घरी राहणाऱ्या पत्नीजवळ तातडीचे क्रमांक लिहिलेले असावेत. युरोपात कोठेही संकटकाळी 112 आणि जर्मनीत दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी 116117. आजारी मूल आणि दूर असलेला पती अशी रात्र एकदा तरी येतेच. तेव्हा शेजारी हाक मारता येईल असे एक दार असावे, आणि ते दार आधीच आपण कधीतरी ठोठावलेले असावे.

आता आजींविषयी. त्या गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तेथे राहून आल्या. जाण्यापूर्वी त्यांचा प्रश्न एकच होता, देवदर्शनाचे काय? त्यांनी चातुर्मासासाठी गावात आलेल्या महाराजांना विचारून नियमाचे स्वरूप ठरवून घेतले आणि घरात स्वच्छ कोनाड्यात लहान चैत्यालयासारखी व्यवस्था करण्यात आली. ज्येष्ठांनी असा निर्णय स्वतःच्या मनाने किंवा मुलांच्या सोयीने घेऊ नये. गुरूंना विचारून घ्यावा, म्हणजे मनात सल राहत नाही. कागदपत्रांची बाजूही ध्यानात ठेवावी. अल्पकालीन व्हिसावर एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहता येते आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. म्हणजेच वृद्ध आईला कायमचे जवळ नेऊन ठेवणे हा मार्ग बहुतेकांना उपलब्ध नसतो. हे सत्य लवकर स्वीकारणे बरे. ‘पुढे पाहू’ म्हणत वर्षे जातात, आणि तेवढ्यात घड्याळातील साडेतीन-साडेचार तासांचे अंतर वाढत नसले तरी आईचे वय वाढत असते. या घरात हिवाळ्यात सकाळी सात वाजता, शाळेच्या आधी, सांगलीला फोन होतो. तेथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात आणि आजी मंदिरातून परतलेल्या असतात. नातवंडे त्यांना रोज एक जर्मन शब्द शिकवितात, त्या रोज एक प्रश्न विचारतात. काल कोणाशी भांडलात? क्षमा मागितलीत का?

भारतात यायचे ते केव्हा, याचाही विचार व्हावा. त्या राज्यात शाळेची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. शाळा सक्तीची असल्याने इतर वेळी रजा मिळणे कठीण. ही सुट्टी चातुर्मासात येते, आणि पर्युषणाचा काळही काही अंशी तिच्यात सापडतो. विमानाचे तिकीट तेव्हा महाग असते खरे. परंतु साधुसंघ त्या काळात एका जागी स्थिर असतो. ज्या मुलांनी पिच्छी-कमंडलू केवळ चित्रात पाहिले, त्यांना मुनींच्या समोर बसण्याची संधी वर्षातून याच दिवसांत मिळते. डिसेंबरातील सहलीत ती नसते.

मुलांनी एक गोष्ट आवर्जून जाणावी. ज्या देशात ती राहतात तो देश जैन विद्येला परका नाही. हेर्मान याकोबी या जर्मन पंडितांनी आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर 1884 मध्ये प्रसिद्ध केले, तर सूत्रकृतांग आणि उत्तराध्ययनाचे 1895 मध्ये. हेल्मुट फोन ग्लासेनाप्प यांचा जैन धर्मावरील बृहद्‌ग्रंथ 1925 मध्ये निघाला. पुढे ते ज्या ट्यूबिंगन विद्यापीठात शिकवीत ते स्टुटगार्टपासून फार दूर नाही. आपला धर्म ही घरात लपवून ठेवण्याची वस्तू नसून जर्मन विद्वानांनी आयुष्य वेचून अभ्यासलेली विद्या आहे, हे कळल्यावर मुलांची मान आपोआप सरळ होते.

शेवटी सर्वांत अवघड प्रश्न. या कुटुंबापुढे तो याच वर्षी उभा आहे. त्या राज्यात चौथीनंतर मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. मुलगी आता चौथीत आहे. गृहस्थांना आणखी तीन वर्षांचा करार मिळतो आहे, पत्नीची परीक्षा वर्षभरावर आली आहे आणि आजींचे गुडघे जिना चढू देत नाहीत. राहावे की परतावे? याचे उत्तर बाहेरच्या कोणी देऊ नये, या सदरानेही देऊ नये. राहण्यात अधर्म नाही, आणि केवळ परतण्यात धर्म नाही. पुण्यात राहून आईला महिनोन्‌महिने न भेटणारे पुत्र आपण पाहतोच.

परंतु निर्णय कसा घ्यावा याबद्दल शास्त्राजवळ एक शब्द आहे. दिग्व्रताच्या पाच अतिचारांत वर, खाली आणि आडव्या दिशांनी मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरविलेले क्षेत्र लोभाने वाढवीत जाणे. आणि पाचवा स्मृत्यन्तराधान, म्हणजे आपण कोणती मर्यादा घातली होती हेच विसरून जाणे. परदेशी राहणाऱ्या घरांचा खरा धोका या शेवटच्या दोन शब्दांत आहे. ‘दोन वर्षांसाठी जातो’ असे म्हणून माणूस निघतो. दोनाची चार होतात, चाराची सात, आणि एके दिवशी कोणाला आठवतही नाही की दोन म्हटले होते. त्यात कोणी निर्णय घेतलेलाच नसतो. तो घडत गेलेला असतो.

म्हणून या घराने पर्युषणात एक कागद करावयाचे ठरविले आहे. कोणत्या कारणासाठी राहावयाचे, किती वर्षे, आईसाठी वर्षातून किती दिवस, किती प्रवास स्वीकारावयाचा आणि कितीला नकार द्यावयाचा, किती धन पुरेसे मानावयाचे, हे सर्व त्या कागदावर पती-पत्नी दोघांनी लिहावयाचे. आजींना वाचून दाखवावयाचे. मुलीलाही तिचे मत विचारावयाचे. आणि दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी तो कागद पुन्हा काढून वाचावयाचा. मर्यादा बदलणारच असेल, तर ती सर्वांच्या देखत, कारण सांगून बदलेल. विसरून नव्हे. परदेशी असलेल्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने असा कागद करावा, आणि येथे गावी राहणाऱ्यांनीही करण्यास हरकत नाही. क्षेत्रवृद्धीसाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही.